सोलापूरच्या कारखान्यात आयपी राउटिंग: लेयर ३ स्विच आणि राउटर पहिल्यांदा जोडताना

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा एखादा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला ऑफिसात चार कॉम्प्युटर असतात, इंटरनेटवाल्याने बसवलेला बॉक्स असतो, आणि १९२.१६८.१.० या एकाच नेटवर्कवर सगळं सुखाने चालतं. मग शेडमध्ये कॅमेरे लागतात, गेटवर थंब मशीन येतं, माल बघायला आलेल्या व्यापाऱ्यांना वायफायचा पासवर्ड द्यावा लागतो. होता होता कॅमेरे, मोबाइल आणि टॅली एकाच नेटवर्कमध्ये दाटीवाटीने बसतात. कुणाच्या मोबाइलला कॅमेऱ्याचाच आयपी मिळतो, कुठे बाहेरच्या माणसाला अकाउंटचे फोल्डर दिसतात. मालक म्हणतात, नेटवर्क वेगवेगळे करा. करून झालं की दुसऱ्याच दिवशी फोन येतो: वेगळे केलेत ते ठीक, पण आता ऑफिसातून कॅमेरे दिसत नाहीत.

वेगळे केलेले नेटवर्क हवे तेवढेच एकमेकांशी बोलू देणं, याचंच नाव राउटिंग. हे काम करू शकणारा स्विच तो लेयर ३, आणि एकाच नेटवर्कमधली यंत्रं नुसती जोडणारा तो लेयर २. डिप्लोमा किंवा आयटीआय करून या कामात नुकत्याच उतरलेल्यांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण नव्या माणसाचं काम बहुतेक वेळा तिथेच अडतं: जाण्याचा रस्ता सगळे लिहितात, परतीचा राहून जातो.

आज्ञा सिस्कोच्या कॅटलिस्ट स्विचच्या दिल्या आहेत. इथे त्या उच्चारानुसार देवनागरीत आहेत. स्विचवर टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच लागतील.

आधी कागद

स्विचला हात लावण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि नेटवर्कची वाटणी लिहून काढा. ही पायरी टाळून कुणाचाच वेळ वाचलेला नाही.

खासगी वापरासाठी आयपीचे तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत: १०.०.०.० पासून सुरू होणारा सगळ्यात मोठा, १७२.१६ ते १७२.३१ हा मधला, आणि १९२.१६८ चा ओळखीचा. १९९६ साली आरएफसी १९१८ मध्ये ही वाटणी ठरली. माझं म्हणणं, कारखान्यात १९२.१६८.१.० आणि १९२.१६८.०.० हे दोन्ही वापरूच नका. घरोघरीच्या वायफाय बॉक्सवर तेच असतात. उद्या अकाउंटंट घरून व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसपर्यंतचा खासगी बोगदा, लावून काम करायला बसले की त्यांचा लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसतो. दोन्हीकडे एकच नेटवर्क असेल तर राउटिंग होऊच शकत नाही.

त्यापेक्षा १० चा पट्टा घ्या आणि दुसऱ्या जागी गाडीचा नंबर टाका. सोलापूरची गाडी एमएच १३, म्हणून इथलं सगळं १०.१३ ने सुरू. पुण्याला गोडाऊन असेल तर १०.१२, लातूरला १०.२४. आयपी बघितल्या बघितल्या गाव कळतं, आणि पुढे राउट लिहिताना अख्खं गाव एका ओळीत मावतं. आपल्या कारखान्यासाठी वाटणी अशी धरू (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर केलेलं वेगळं नेटवर्क, मास्क म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा, आणि एनव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा बॉक्स):

व्हीलॅन १०, ऑफिस: १०.१३.१०.०, मास्क २५५.२५५.२५५.०
व्हीलॅन २०, कॅमेरे आणि एनव्हीआर: १०.१३.२०.०, मास्क तोच
व्हीलॅन ३०, पाहुण्यांचं वायफाय: १०.१३.३०.०, मास्क तोच
स्विच आणि राउटर यांच्यातली जोड: १०.१३.९९.०, मास्क २५५.२५५.२५५.२५२

व्हीलॅनचा नंबर आणि आयपीतला तिसरा आकडा मुद्दाम एकच ठेवला आहे. २५५.२५५.२५५.० मास्कमध्ये वापरता येण्याजोगे २५४ पत्ते मिळतात, २५५.२५५.२५५.२५२ मध्ये फक्त दोन. स्विच आणि राउटरच्या जोडीला दोनच लागतात: राउटरला १०.१३.९९.१ आणि स्विचला १०.१३.९९.२. प्रत्येक व्हीलॅनमध्ये शेवटचा आकडा १ असलेला पत्ता स्विचचा, तोच तिथल्या सगळ्यांचा गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर पडायचं दार. कागदावर प्रिंटर, एनव्हीआर, थंब मशीन यांचे पक्के आयपीही आत्ताच लिहून टाका.

टेबल कसं वाचलं जातं

सात रस्त्याला उभं राहून कुणाला अक्कलकोटची वाट विचारली, तर तो फक्त कुठल्या रस्त्याला लागायचं ते दाखवतो. पुढे अक्कलकोटात कुठल्या गल्लीत वळायचं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. राउटरही तसाच, त्याला पुढचा टप्पा तेवढा माहीत असतो.

पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, आलं की तो त्यावरचा जाण्याचा पत्ता बघतो आणि आपल्या टेबलातली सगळ्यात नेमकी ओळ निवडतो. टेबलात १०.१३.०.० ची मोठी ओळ असली आणि १०.१३.२०.० ची नेमकी ओळही असली, तर १०.१३.२०.५ साठी नेमकी ओळ जिंकते. कुठलीच ओळ जुळली नाही तर डीफॉल्ट राउट, आणि तोही नसेल तर पॅकेट टाकून दिलं जातं. पॅकेट कुठून आलं हे राउटिंगच्या वेळी बघितलंच जात नाही. म्हणूनच उत्तर परत येताना वाटेतल्या प्रत्येक यंत्राला पाठवणाऱ्याच्या नेटवर्कची वाट स्वतंत्रपणे माहीत असावी लागते. आलेल्या वाटेने आपोआप मागे फिरणं असं काही नसतं.

एकाच नेटवर्ककडे जाणाऱ्या वाटा दोन ठिकाणांहून कळल्या तर कुणावर जास्त भरवसा ठेवायचा, याचेही आकडे ठरलेले आहेत. सिस्कोमध्ये थेट जोडलेल्याचा ०, हाताने लिहिलेल्या स्टॅटिक राउटचा १, ओएसपीएफचा ११०, आरआयपीचा १२० (राउटर एकमेकांना वाटा आपोआप कळवतात अशा या दोन पद्धती). आकडा लहान तेवढा भरवसा मोठा. एका कारखान्यासाठी आणि एखाद्या गोडाऊनसाठी स्टॅटिक राउट पुरेसे आहेत. ओएसपीएफ जरूर शिका, पण चार ओळींच्या कामाला ते लावू नका. बिघडलं की तुमच्या मागून येणाऱ्या माणसाला शोधणं जड जातं.

कन्सोल केबल आणि जुनी कॉन्फिग

पहिल्यांदा करताना स्विचला कन्सोल केबलनेच जोडा. लॅपटॉपवर पुट्टी हा प्रोग्राम उघडा, सिरियल निवडा, वेग ९६००. नेटवर्कवरून लॉगिन करून राउटिंग चालू करायला गेलात तर मधेच हातातलं कनेक्शन तुटण्याचा धोका असतो. का तुटतं ते पुढे येईल.

काम सुरू करण्याआधी दोन आज्ञा द्या:

शो व्हर्जन
शो रनिंग-कॉन्फिग

पहिलीतून मॉडेल कळतं. हे महत्त्वाचं, कारण दिसायला सारखे असलेले सगळे स्विच राउटिंग करत नाहीत. सेकंडहँड बाजारात भरपूर मिळणारा २९६० मुळात लेयर २ चा स्विच. त्याच्या लॅन बेस आवृत्तीत सोय चालू करून स्विच रीस्टार्ट केल्यावर मोजके स्टॅटिक राउट चालतात, तेही १६ पर्यंत. ३५६० किंवा ३७५० घेतला तर हे काम सरळ होतं. दुसऱ्या आज्ञेतून जे काही येईल ते सगळं कॉपी करून तारीख घातलेल्या फाइलमध्ये ठेवा.

दिवस बघून काम घ्या. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायची असते, त्याच्या आदल्या दिवशी अकाउंटच्या नेटवर्कला हात लावू नये. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी असेल तो दिवस उत्तम.

आणि रॅक उघडलाच आहे तर स्विचच्या पंख्याकडे बघा. लूम चालणाऱ्या शेडमध्ये कापसाचे तंतू सगळीकडे उडतात आणि पंख्याच्या जाळीवर गोधडीसारखा थर बसतो. वर पत्रा, सोलापूरचा मे महिना आणि तुंबलेला पंखा, असं तिन्ही एकत्र आलं की स्विच तापून बंद पडतो आणि दोष कॉन्फिगरेशनला दिला जातो. ब्लोअर मारून जाळी साफ करा. जमत असेल तर रॅक शेडमधून ऑफिसच्या खोलीत हलवा, मालकांना त्याचा खर्च पटवून द्या.

व्हीलॅन आणि त्यांचे गेटवे

इनेबल
कॉन्फिगर टर्मिनल
व्हीलॅन १०
नेम ऑफिस
व्हीलॅन २०
नेम कॅमेरा
व्हीलॅन ३०
नेम पाहुणे

नावं टाइप करताना स्पेस टाळा. मग पोर्ट वाटून द्या. समजा पहिले १२ पोर्ट ऑफिसचे:

इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट १/०/१ - १२
स्विचपोर्ट मोड अ‍ॅक्सेस
स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन १०

कॅमेऱ्यांचे आणि वायफायचे पोर्ट याच पद्धतीने. पोर्टची नावं मॉडेलप्रमाणे बदलतात, ती तुमच्या स्विचवर बघूनच घ्या. एकाच वायफाय बॉक्सवरून ऑफिसचं आणि पाहुण्यांचं अशी दोन नावं सोडायची असतील, तर त्या पोर्टला अ‍ॅक्सेसऐवजी ट्रंक, म्हणजे एकाहून जास्त व्हीलॅन नेणारा मोड, लागेल.

आता प्रत्येक व्हीलॅनला त्याचा गेटवे द्यायचा:

इंटरफेस व्हीलॅन १०
आयपी अ‍ॅड्रेस १०.१३.१०.१ २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन

व्हीलॅन २० आणि ३० ला असंच, आपापला पत्ता टाकून. झाल्यावर तपासा:

शो आयपी इंटरफेस ब्रीफ

इथे व्हीलॅन २० समोर डाउन दिसलं तर घाबरू नका. त्या व्हीलॅनचा एक तरी पोर्ट चालू असल्याशिवाय व्हीलॅनचा इंटरफेस वर येत नाही. केबल लावलेली नसेल, कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा बंद असेल, किंवा पोर्ट चुकून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये गेला असेल. इंटरफेस डाउन असेल तोवर ते नेटवर्क राउटिंग टेबलातही दिसणार नाही.

राउटिंग चालू करणं

आता ती एक ओळ, जी विसरली की वरचं सगळं असून नसल्यासारखं:

आयपी राउटिंग

बऱ्याच कॅटलिस्ट स्विचवर ही सोय मुळात बंद असते. ती चालू केली की स्विच राउटर म्हणून वागू लागतो. आणि त्याच क्षणी जुनी आयपी डीफॉल्ट-गेटवे ही ओळ निकामी होते, कारण ती राउटिंग बंद असतानाच कामाची. दुसऱ्या नेटवर्कवरून लॉगिन करून बसलेल्या माणसाचं कनेक्शन नेमकं इथे तुटतं. कन्सोलने करायला सांगितलं ते यासाठीच.

राउटरकडे जाणारा पोर्ट आता पूर्ण राउटिंगचा करायचा. समजा तो २४ नंबरचा आहे:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट १/०/२४
नो स्विचपोर्ट
आयपी अ‍ॅड्रेस १०.१३.९९.२ २५५.२५५.२५५.२५२
नो शटडाउन

आणि बाहेर जाणाऱ्या सगळ्यासाठी डीफॉल्ट राउट:

आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० १०.१३.९९.१

याचा अर्थ: माझ्याकडे नेमकी ओळ नसेल ते सगळं १०.१३.९९.१ कडे द्या. आता टेबल बघा:

शो आयपी राउट

सुरुवातीला कोणत्या अक्षराला काय अर्थ याची मोठी यादी येते, ती ओलांडा. खाली डावीकडे सी असलेल्या ओळी म्हणजे थेट जोडलेली नेटवर्क. चारही दिसली पाहिजेत, १०, २०, ३० आणि ९९ ची. एल म्हणजे स्विचचे स्वतःचे पत्ते. एस आणि त्याला लागून फुली म्हणजे तुमचा डीफॉल्ट राउट, त्यापुढे चौकोनी कंसात १/०. त्यातला १ म्हणजे वर सांगितलेला भरवशाचा आकडा. एसची ओळ दिसत नसेल तर २४ नंबरच्या पोर्टकडे बघा: तो पोर्ट डाउन असेल तर १०.१३.९९.१ पर्यंत पोचायची वाटच नाही, म्हणून स्विच तो राउट टेबलात घेत नाही. पुष्कळ जण अशा वेळी राउटची ओळ पुन्हा पुन्हा टाइप करत बसतात आणि चूक केबलमध्ये असते.

परतीचा रस्ता

इथवर आल्यावर स्विचवरून ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग मारला तर उत्तर येतं. माणूस खूश होतो, सामान आवरायला घेतो. आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट नसतं.

हे असं का होतं ते नीट बघू, कारण यात राउटिंगचं सगळं सार आहे. स्विच स्वतः पिंग मारतो तेव्हा बाहेर पडणाऱ्या पोर्टचा पत्ता लावतो, म्हणजे १०.१३.९९.२. तो राउटरचा थेट शेजारी, त्यामुळे उत्तर नीट घरी पोचतं. ऑफिसचा कॉम्प्युटर १०.१३.१०.२५ वरून पिंग मारतो तेव्हा पॅकेट राउटरपर्यंत जातं. पण राउटरला १०.१३.१०.० हे नेटवर्क कुठल्या बाजूला आहे ते कुणी सांगितलेलंच नाही. त्याच्या टेबलात आहे फक्त ९९ ची जोड आणि इंटरनेटकडे जाणारा डीफॉल्ट. म्हणून तो कॉम्प्युटरसाठीचं उत्तर इंटरनेटच्या दिशेने ढकलतो. तिकडे खासगी पत्त्याला कुणी विचारत नाही.

कॉम्प्युटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ट्रेसर्ट ८.८.८.८ मारून बघा, त्यात वाटेतले टप्पे एकेक करून दिसतात. पहिल्या ओळीत १०.१३.१०.१ येईल, दुसऱ्या ओळीपासून नुसत्या फुल्या. राउटर मेलेला नाही, तो उत्तर देतोय, पण चुकीच्या दिशेला. पहिला टप्पा दिसतो आणि पुढे फुल्या, असं चित्र दिसलं की सगळ्यात आधी परतीच्या राउटवर संशय घ्या.

हीच परीक्षा स्विचवरूनही घेता येते, पत्ता बदलून:

पिंग ८.८.८.८ सोर्स व्हीलॅन १०

साधा पिंग लागतो आणि हा लागत नाही, म्हणजे दोष नक्की कळला. माझ्या मते साधा पिंग तपासणीत धरूच नये, नेहमी सोर्स देऊनच बघावं.

उपाय राउटरवर करायचा. राउटर सिस्कोचा असेल तर:

आयपी राउट १०.१३.०.० २५५.२५५.०.० १०.१३.९९.२

गाडीच्या नंबराचा फायदा इथे दिसतो. तीन व्हीलॅनसाठी तीन ओळी लिहाव्या लागल्या नाहीत, उद्या व्हीलॅन ४० काढला तरी राउटरला हात लावायची गरज नाही. राउटर मायक्रोटिकचा असेल तर विनबॉक्समध्ये आयपी, मग राउट्स, मग अधिकचं चिन्ह. डीएसटी अ‍ॅड्रेसमध्ये १०.१३.०.०/१६ (/१६ म्हणजे २५५.२५५.०.० हाच मास्क) आणि गेटवेमध्ये १०.१३.९९.२. इंटरनेटवाल्याने दिलेल्या बॉक्सवर स्टॅटिक राउटची सोय बंद ठेवलेली असेल तर त्यामागे स्वतःचा राउटर लावा. त्याच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही.

राउट लिहूनही इंटरनेट येत नसेल तर नॅट बघा. खासगी पत्ते बाहेर नेताना राउटर ते स्वतःच्या पत्त्यात बदलतो, आणि कुठले पत्ते बदलायचे याची यादी त्याच्याकडे असते. सिस्कोमध्ये ती अ‍ॅक्सेस-लिस्टने ठरते आणि तिथे अजून जुनं १९२.१६८.१.० बसलेलं सापडतं. ते १०.१३.०.० करा. अशा वेळी ट्रेसर्टमध्ये दुसऱ्या ओळीवर १०.१३.९९.१ व्यवस्थित दिसतं आणि फुल्या तिसऱ्या ओळीपासून सुरू होतात. फुल्या कितव्या ओळीपासून आहेत, यावरून दोष कुठल्या यंत्रावर आहे ते ओळखायची सवय लावून घ्या.

पुण्याच्या गोडाऊनला व्हीपीएन असेल तर आपल्या राउटरवर १०.१२.०.० बोगद्याकडे, आणि पुण्याच्या राउटरवर १०.१३.०.० बोगद्याकडे. दोन्ही टोकांना लिहायचं. स्विचवर त्यासाठी काही लागत नाही, त्याचा डीफॉल्ट राउट पुरतो.

मोठ्या ओळीचा एक धोका

राउटर १०.१३ चं सगळं स्विचकडे पाठवतो, आणि स्विच स्वतःकडे नसलेलं सगळं राउटरकडे. आता कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा गेला, व्हीलॅन २० डाउन झाला आणि ते नेटवर्क स्विचच्या टेबलातून निघून गेलं, तर १०.१३.२०.५ साठी आलेलं पॅकेट काय करेल? स्विच ते राउटरला देईल, राउटर परत स्विचला. पॅकेटवरचा टीटीएल आकडा दर टप्प्याला एकने कमी होतो आणि शून्य झाला की ते मरतं. तोवर दोघे ते एकमेकांकडे टोलवत राहतात. पॅकेट भरपूर असतील तर ती जोड उगीच भरून जाते. त्यासाठी स्विचवर ही ओळ:

आयपी राउट १०.१३.०.० २५५.२५५.०.० नल०

नल म्हणजे खड्डा: १०.१३ मधलं जे माझ्याकडे चालू नाही ते इथेच टाकून दे. चालू व्हीलॅनच्या ओळी जास्त नेमक्या असल्याने त्यांना या ओळीचा काही त्रास नाही. ही ओळ कारखान्यांच्या स्विचवर क्वचितच लिहिलेली दिसते. ती लिहावी, असा माझा आग्रह आहे.

कॉम्प्युटर, प्रिंटर आणि थंब मशीन

कॉम्प्युटर आणि मोबाइलना आयपी आपोआप मिळावा म्हणून डीएचसीपी स्विचवरच ठेवता येतो:

आयपी डीएचसीपी एक्सक्लूडेड-अ‍ॅड्रेस १०.१३.१०.१ १०.१३.१०.५०
आयपी डीएचसीपी पूल ऑफिस
नेटवर्क १०.१३.१०.० २५५.२५५.२५५.०
डीफॉल्ट-राउटर १०.१३.१०.१
डीएनएस-सर्व्हर ८.८.८.८

पहिल्या ओळीने १ ते ५० पत्ते पक्क्या आयपीसाठी राखले. बाकी व्हीलॅनचे पूल याच नमुन्यावर. डीएचसीपी वेगळ्या सर्व्हरवर असेल तर त्या व्हीलॅनच्या इंटरफेसखाली आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस लिहून पुढे सर्व्हरचा पत्ता द्या, कारण डीएचसीपीची पहिली हाक व्हीलॅनच्या बाहेर जात नाही.

हाताने आयपी टाकलेली यंत्रं मात्र एकेक करून बघावी लागतात. प्रिंटर, एनव्हीआर, थंब मशीन यांच्यात गेटवेचा रकाना कितीदा तरी कोराच असतो. एकच नेटवर्क होतं तोवर गेटवेवाचून काही अडलं नाही. आता वायफायवरच्या लॅपटॉपवरून प्रिंट दिली तर कागद निघत नाही, कारण प्रिंटरपर्यंत पॅकेट पोचतं पण उत्तर कुठून पाठवायचं ते प्रिंटरला माहीत नाही. परतीचा रस्ता हाच, फक्त या वेळी तो राउटरवर नसून प्रिंटरच्या सेटिंगमध्ये राहिलाय. प्रत्येक यंत्रात गेटवे भरा, जुना १९२.१६८.१.१ राहिला असेल तर बदला.

टॅलीचा डेटा सर्व्हर कॉम्प्युटरच्या नावाने उघडत असाल तर दुसऱ्या व्हीलॅनमधून नाव सापडणार नाही, तिथे आयपी टाका. आणि विंडोजची फायरवॉल दुसऱ्या नेटवर्कवरून आलेला पिंग बऱ्याचदा अडवते. राउटिंग बिघडलंय असं ठरवण्याआधी एनव्हीआर किंवा प्रिंटरला पिंग मारून बघा.

पाहुण्यांना आवर

आयपी राउटिंग चालू झालं की स्विच सगळ्या व्हीलॅनना एकमेकांशी जोडून देतो. म्हणजे ज्या पाहुण्यांना दूर ठेवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते आता पुन्हा अकाउंटच्या सर्व्हरपर्यंत पोचू शकतात. इथे काम अर्धवट सोडणं हा मालकाचा विश्वासघात आहे. ही लिस्ट लावल्याशिवाय निघू नका:

आयपी अ‍ॅक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड पाहुणे-बंदी
डिनाय आयपी १०.१३.३०.० ०.०.०.२५५ १०.१३.१०.० ०.०.०.२५५
डिनाय आयपी १०.१३.३०.० ०.०.०.२५५ १०.१३.२०.० ०.०.०.२५५
परमिट आयपी एनी एनी
इंटरफेस व्हीलॅन ३०
आयपी अ‍ॅक्सेस-ग्रुप पाहुणे-बंदी इन

मास्क इथे उलटा लिहायचा असतो, ०.०.०.२५५. शेवटची परमिटची ओळ विसरलात तर पाहुण्यांचं इंटरनेटही बंद पडेल, कारण लिस्टच्या तळाशी न दिसणारं सगळं-नाकारा बसलेलंच असतं. पाहुण्यांनी वापरावा असा प्रिंटर ऑफिसात असेल तर त्याच्या एकट्याच्या पत्त्याची परमिटची ओळ दोन्ही डिनायच्या वर टाका. लिस्ट वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते. मग स्वतःचा मोबाइल पाहुण्यांच्या वायफायला जोडून ऑफिसच्या सर्व्हरचा आयपी उघडून बघा. उघडता कामा नये.

सेव्ह आणि लाईट

आतापर्यंत लिहिलेलं सगळं चालत्या मेमरीत आहे. लाईट गेली आणि यूपीएसने दगा दिला तर स्विच शेवटच्या सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवरच उठेल. म्हणून:

कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग

राउटरवरही सेव्ह करा, दोन्ही यंत्रं वेगळी आहेत.

पुढे कधी घरून किंवा दुसऱ्या साइटवरून दुरुस्ती करायची वेळ आली तर आधी चालू कॉन्फिग सेव्ह करा आणि रीलोड इन १० ही आज्ञा देऊन मग बदल करा. कनेक्शन तुटलं तर दहा मिनिटांत स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. सगळं नीट झालं तर रीलोड कॅन्सल देऊन मगच सेव्ह करा. मायक्रोटिकवर यासाठी विनबॉक्समध्ये सेफ मोडचं बटण आहे.

निघण्याआधी स्विच आणि राउटर दोन्ही मुद्दाम बंद करून चालू करा. पाचेक मिनिटं थांबा. शो आयपी राउट पुन्हा बघा, सोर्स देऊन पिंग मारा, एका कॉम्प्युटरवरून टॅली उघडा, एनव्हीआरवर कॅमेरा बघा, पाहुण्यांच्या वायफायवरून बंदी तपासा. सुरुवातीचा आयपी वाटणीचा कागद आता दुरुस्त करून त्याची एक प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवा आणि एक ऑफिसच्या फाइलमध्ये लावा. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नका, तो मालकांच्या हातात वेगळ्या पाकिटात द्या.